पहिल्या विद्यावेतनापर्यंतचे चाळीस दिवस

गोव्यात शिकाऊ उमेदवार (अप्रेंटिस) म्हणून लागलेली गरीब घरची मुले मध्येच सोडून जातात. ती आळशी आहेत किंवा त्यांना काम जमत नाही, असे लोक सरसकट म्हणतात. आम्ही या मुलांची नोंदणी करतो, करार करून घेतो आणि वर्षभर त्यांच्या मागे राहतो. आमच्या पाहण्यात गळती सर्वांत जास्त होते ती पहिले विद्यावेतन (स्टायपेंड) हातात पडण्याच्या आधी. जूनच्या १ तारखेला रुजू झालेल्या मुलाला जूनचे पैसे १० जुलैपर्यंत द्यावेत, असे नियम सांगतो. म्हणजे सगळे नियमाप्रमाणे झाले, तरी चाळीस दिवस बसभाडे, जेवण आणि बूट घरच्या खिशातून. घर रोजंदारीवर चालत असेल तर तेवढा खिसाच नसतो. म्हणून पुढे जे लिहिले आहे त्यातले बरेचसे या चाळीस दिवसांची तयारी म्हणूनच वाचावे.

मुले कोण, हेही सांगायला हवे. काणकोण, सांगे, केपे, सत्तरी इथल्या वाड्यांवरची. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्यावर ज्यांच्या घरचे उत्पन्न आटले ती. झुआरीनगर, बायणा, चिंबल, मोतीडोंगर इथल्या मजूर कुटुंबांतली, म्हणजे जन्म गोव्यातला पण आधारवर पत्ता कर्नाटकातला. आणि मेरशीच्या अपना घरासारख्या बालगृहातून अठरा पूर्ण झाल्यावर बाहेर पडलेली. प्रत्येक गटाची अडचण वेगळ्या कागदावर अडते.

आधी कायदा थोडक्यात, कारण कंपनीच्या दारात उभे राहताना तो पाठ असावा लागतो. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा. २०१९ च्या नियमांप्रमाणे ३० किंवा जास्त माणसे असलेल्या आस्थापनेला उमेदवार घेणे बंधनकारक आहे, ४ ते २९ माणसे असतील तर ऐच्छिक. घ्यायचे किती, तर एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के, आणि या एकूण आकड्यात कंत्राटी कामगारही मोजायचे. ‘आमच्याकडे कायम कामगार वीसच आहेत’ असे वेर्णे किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात ऐकायला मिळाले, तर कंत्राटदाराची माणसे किती, हा पुढचा प्रश्न असतो. तो शांतपणे विचारला की बोलणे पुढे सरकते.

विद्यावेतनाचे २०१९ चे किमान आकडे असे: पाचवी ते नववी उत्तीर्ण ५,००० रुपये, दहावी ६,०००, बारावी ७,०००, आयटीआय प्रमाणपत्रधारक ७,०००, डिप्लोमा ८,०००, पदवीधर ९,०००. दुसऱ्या वर्षी १० टक्के वाढ. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने ३६ टक्के वाढीची शिफारस केली आहे, म्हणून करार करताना त्या दिवशी लागू असलेला तक्ता पाहूनच आकडा लिहावा. पाचवी ते नववीचा गट अनेकांना माहीतच नसतो. दहावी नापास म्हणजे दार बंद, अशी समजूत करून मुले घरी बसतात. त्यांना शाळा सोडल्याचा दाखला पुरतो, फक्त त्या पात्रतेचा कोर्स कंपनीने शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर लावलेला असला पाहिजे.

आता पैशांची विभागणी. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत केंद्र सरकार किमान विद्यावेतनाच्या २५ टक्के, पण महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये देते. २०२३ पासून ही रक्कम कंपनीकडे न जाता थेट मुलाच्या खात्यात पडते. दहावी झालेल्या मुलाच्या ६,००० पैकी ४,५०० कंपनीकडून आणि १,५०० सरकारकडून, वेगवेगळ्या दिवशी. कंपनी आधी आपला वाटा देते, पोर्टलवर त्याची नोंद करते, त्यानंतर सरकारी वाट्याचा प्रवास सुरू होतो. नोंद करणारा मनुष्यबळ विभागातला माणूस रजेवर गेला की १,५०० रुपये तिथेच अडतात. हे आधी समजावून सांगितले नाही तर पहिल्या महिन्यात मुलगा खात्यात ४,५०० पाहतो आणि फसवले गेल्याच्या रागाने घरी बसतो. करारावर सही करण्यापूर्वी दोन्ही आकडे एका कागदावर लिहून आईवडिलांसमोर वाचून दाखवावेत.

कागदपत्रांना आम्ही रुजू होण्याच्या आधीचा पूर्ण एक महिना देतो, आणि तो कमीच पडतो. गोव्यात नावांचा गुंता मोठा. गांवकर हे एकच आडनाव रोमन लिपीत जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाने ‘सी’ घालून, दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘के’ घालून आणि आधारवर मधला ‘एन’ गाळून लिहिलेले सापडते. नाईक आणि फर्नांडिस यांचीही तीच गत. पोर्टलवरची ई-केवायसी (ऑनलाइन ओळख पडताळणी) आधारवरून होते आणि शेवटचे प्रमाणपत्रही त्याच नावाने निघते. म्हणून आधार गुणपत्रिकेशी जुळवून घ्यावे, उलटे करू नये. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते आणि जन्मतारीख एकदाच, तेव्हा घाईने चुकीची दुरुस्ती करून एक संधी वाया घालवणे परवडत नाही. तिथे प्रतिज्ञापत्राचा उपयोग होत नाही. गुणपत्रिका हरवली असेल तर शालान्त मंडळाकडून दुय्यम प्रत घ्यावी, आणि हे काम सर्वांत आधी सुरू करावे.

आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक हा दुसरा अडथळा. तो वडिलांचा असतो, किंवा रिचार्ज न केल्यामुळे बंद पडलेला. ओटीपीशिवाय नोंदणी, ई-केवायसी, करार स्वीकारणे यातले काहीच होत नाही. आधार केंद्रावर जाऊन मुलाचा स्वतःचा क्रमांक जोडावा आणि वर्षभर तो क्रमांक बदलू नये. ईमेलचा पासवर्ड कागदावर लिहून घरी ठेवायला लावतो. असा सल्ला सहसा कोणी देत नाही, पण दुकानात बसलेल्याने काढून दिलेल्या ईमेलचा पासवर्ड मुलाला माहीत नसणे हे आमच्याकडे नेहमीचे आहे.

मग बँक. पतसंस्थेचे पासबुक इथे चालत नाही. शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी उघडलेले खाते असते, पण ते अज्ञान (अठरा वर्षांखालील) म्हणून उघडलेले. अठरा पूर्ण झाल्यावर नव्याने केवायसी आणि सहीचा नमुना दिला नाही तर त्यातून पैसे काढता येत नाहीत. दोन वर्षे व्यवहार नसेल तर खाते निष्क्रिय. आणि सर्वांत घोळ होतो तो आधार जोडण्याचा. खात्याला केवायसीसाठी आधार दिलेला असणे वेगळे आणि सरकारी थेट लाभासाठी ते खाते आधारशी मॅप झालेले, म्हणजे सरकारी पैसे त्याच खात्यात पडावेत अशी जोडणी झालेली असणे वेगळे. दुसऱ्यासाठी बँकेत स्वतंत्र संमती द्यावी लागते. थेट लाभाची रक्कम आधारशी सगळ्यात शेवटी मॅप झालेल्या खात्यात जाते. मुलगा कंपनीत रुजू होतो, कंपनी आपल्या बँकेत त्याचे पगार खाते उघडते, तिथल्या अर्जावर आधारच्या चौकटीत खूण होते, आणि सरकारचे १,५०० रुपये गुपचूप नव्या खात्यात पडू लागतात. मुलगा जुने पासबुक भरून आणतो आणि पैसे आलेच नाहीत म्हणतो. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची, म्हणजे या जोडणीची स्थिती दिसते. रुजू होताना ती एकदा बघावी आणि पगार खाते उघडल्यावर पुन्हा बघावी.

जागा निवडताना मुले ट्रेड, म्हणजे कोणते काम शिकायचे ते विचारतात. आम्ही आधी बस विचारतो. वेर्णे वसाहतीतल्या मोठ्या कारखान्यांच्या बसगाड्या मडगाव, वास्को, पणजी, फोंडा अशा ठिकाणांहून सुटतात. काणकोणच्या आतल्या वाड्यावरच्या मुलाने सकाळच्या पाळीसाठी मडगाव कसे गाठायचे, हे त्याच्या घरून निघून एकदा प्रत्यक्ष करून बघावे लागते. वेळापत्रकात दिसणारी पहिली बस पावसात येते का, हे गावातलाच माणूस सांगू शकतो. हॉटेलांत ब्रेक शिफ्ट ही मोठी अडचण: सकाळी अकरा ते तीन, मग मधले चार तास मोकळे, पुन्हा सात ते अकरा. रात्री अकराला कळंगुटहून सत्तरीला जाणारी बस नसते. राहण्याची सोय किंवा हॉटेलची गाडी यांपैकी एक लेखी ठरल्याशिवाय आम्ही ब्रेक शिफ्टला हो म्हणत नाही, मुलगी असेल तर मुळीच नाही.

हॉटेलसाठी महिना कोणता, यावरही आमचे ठाम मत आहे. ऑक्टोबरमध्ये पर्यटन हंगामाच्या तोंडावर घेतलेला उमेदवार शिकत नाही, त्याला राबवले जाते. त्याला समजावून सांगायला वरिष्ठाकडे वेळच नसतो. जून-जुलैमध्ये रुजू झालेल्याला पावसाळ्याच्या रिकाम्या दिवसांत खोली लावणे, टेबल मांडणे, सुरी धरणे नीट शिकवले जाते आणि हंगाम येईपर्यंत त्याचा हात बसलेला असतो. कंपन्या मात्र नेमक्या ऑक्टोबरमध्ये मुले मागतात. तेव्हा आम्ही मे महिन्यातच बोलणी सुरू करतो.

करार पहिल्या दिवसाच्या आधी झालाच पाहिजे. ‘आधी कामाला येऊ दे, कागद नंतर करू’ हे वाक्य ऐकले की थांबावे. करार नसेल तर तो मुलगा कायद्याने कुठेच नसतो: विद्यावेतनाचा हक्क नाही, सरकारी वाटा नाही, आणि तो काळ प्रशिक्षणात मोजलाही जात नाही. करारात ट्रेडचे नाव, कालावधी, विद्यावेतनाचा आकडा आणि प्रशिक्षणाची जागा बरोबर आहे का ते वाचावे. अठरा वर्षांखालील उमेदवारासाठी पालकाची सही लागते, आणि धोक्याच्या कामात अठरा पूर्ण असावेच लागतात. उमेदवाराने कोणालाही पैसे द्यायचे नसतात. नोंदणी शुल्क किंवा अनामत मागणारा मध्यस्थ आला की तिथेच नाही म्हणावे, आणि मूळ गुणपत्रिका कोणाकडेही ठेवू नये, झेरॉक्स द्यावी.

केंद्राच्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेबद्दलही मुले विचारतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या तिच्या पथदर्शी टप्प्यात वय २१ ते २४, बारा महिने, दरमहा ५,००० रुपये आणि रुजू होताना एकदा ६,००० रुपये असे ठरले होते. ते एकरकमी ६,००० नेमके पहिल्या चाळीस दिवसांच्या कामाचे होते. पण एक अट ध्यानात ठेवावी: शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्याला त्या टप्प्यात इंटर्नशिप मिळत नव्हती. कुटुंबात कोणी कायम सरकारी नोकरीत असेल किंवा वार्षिक उत्पन्न ८ लाखांवर असेल तरीही नाही. दोन्हींत बसणाऱ्याने आधी कशात जायचे, हे विचार करून ठरवावे. हाताचे काम शिकायचे असेल तर आम्ही शिकाऊ उमेदवारीच सुचवतो, कारण तिच्या शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र असते.

आता त्या चाळीस दिवसांचा प्रत्यक्ष हिशेब. ये-जा रोज ८० रुपये धरली तर महिन्यातल्या कामाच्या २६ दिवसांचे २,०८०. दुपारचे जेवण ६० रुपये धरले तर १,५६०. दोन्ही मिळून ३,६४०. हाती येणार ४,५००, म्हणजे सरकारी वाटा येईपर्यंत पहिल्या महिन्याची खरी कमाई ८६० रुपये, आणि तीही पुढच्या महिन्यात. घरी बसून एखाद्या बांधकामावर दोन-तीन दिवस गेले तरी याहून जास्त मिळतात, हे मुलाला आणि त्याच्या बापाला चांगले कळते. म्हणून विद्यावेतन पाचशेने वाढवा असे कंपनीला सांगण्याआधी आम्ही कँटीनचे जेवण मागतो. तेवढ्या एका गोष्टीने महिन्याचे दीड हजार वाचतात आणि कंपनीला ते जडही जात नाही. त्यानंतर गणवेश आणि बूट. वेल्डर, फिटरच्या मुलांना लोखंडी टोपीचे बूट कंपनीनेच द्यायला हवेत. ते मुलाला विकत आणायला सांगणारी कंपनी इतर बाबतींतही हात आखडता घेते, असा आमचा अनुभव आहे.

उरलेल्या खर्चासाठी तीन वाटा वापरून पाहिल्या आहेत. कंपनीकडून महिन्याच्या मध्याला छोटी उचल, जी पुढच्या तीन हप्त्यांत फेडायची. एकाच हप्त्यात कापून घेतली तर दुसरा महिना पहिल्याहून वाईट जातो. आईच्या स्वयंसाहाय्य गटातून कर्ज. आणि गावातल्या एखाद्या देणगीदाराकडून फक्त बसपासाचे पैसे. देणगीदार पासाचे पैसे आनंदाने देतात, रोख द्यायला कचरतात. बालगृहातून बाहेर पडलेल्यांना मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेखाली पश्चात देखभालीचे दरमहा ४,००० रुपये साधारण २१ वर्षांपर्यंत मिळू शकतात, पण त्याची तयारी संस्थेतच, अठरा पूर्ण होण्याच्या आधी सुरू व्हावी लागते. विद्यावेतनात खोलीचे भाडे निघत नाही. अशा दोघातिघांना एकाच वसाहतीत काम मिळवून एक खोली घेऊन देणे, एवढाच मार्ग आम्हाला जमला आहे.

कामावरचे पहिले दोन आठवडे फोन करून विचारावे लागते, आणि ‘कसे चालले आहे’ असे विचारून काही कळत नाही. ‘आज कुठल्या टेबलावर होतास, कोणी शिकवले’ असे विचारले की कळते. औषध कारखान्यात मुलाला पॅकिंगच्या पट्ट्यावर उभे करतात आणि सहा महिन्यांनीही तो तिथेच असतो. हॉटेलच्या स्वयंपाकघरात तेच भांडी घासण्याच्या विभागात होते. थोडे दिवस तिथे जाणे योग्यच आहे, कारण स्वच्छतेची शिस्त तिथेच लागते. पण अभ्यासक्रमात जे विभाग लिहिले आहेत ते कोणत्या महिन्यात, कोणाच्या हाताखाली, याचा कागद पहिल्याच आठवड्यात मागून घ्यावा. मुलाने रोजच्या कामाची वही ठेवावी: तारीख, काय केले, कोणत्या यंत्रावर, आणि आठवड्याला पर्यवेक्षकाची सही. सही मागायला मुले लाजतात, म्हणून ती वही पर्यवेक्षकाला आम्हीच पहिल्या दिवशी दाखवून ठेवतो.

शिकाऊ उमेदवार हा कायद्याने कामगार नसतो, त्यामुळे भविष्यनिर्वाह निधी कापला जात नाही. साप्ताहिक सुट्टी आणि सणाच्या रजा आस्थापनेत चालतात त्याप्रमाणे. मात्र सरकारने नेमलेल्या शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय जादा तास काम करवता येत नाही, आणि प्रशिक्षणात इजा झाली तर भरपाई कंपनीने द्यायची. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात प्रशिक्षणार्थी आणि शिकाऊ उमेदवार स्पष्टपणे येतात, तेव्हा अशा तक्रारी ऐकणाऱ्या, कंपनीतल्या अंतर्गत समितीत कोण आहे, हे मुलींना पहिल्या दिवशी नावानिशी माहीत असावे. तक्रार कंपनीत सुटली नाही तर पणजीला पाटोवर श्रमशक्ती भवनात कौशल्य विकास संचालनालय आहे. तिथे करार क्रमांक घेऊन जावे, नुसते कंपनीचे नाव घेऊन गेल्याने शोधाशोधीत वेळ जातो.

एक गैरहजेरी वर्ष कसे बुडवते, हे सांगण्यासारखे आहे. मुलाची बस चुकते. कळवायचे कसे हे माहीत नसते, इंग्रजीत मेसेज लिहिता येत नाही म्हणून तो लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी ओरडा बसेल या भीतीने जात नाही, तिसऱ्या दिवशी आणखी भीती, आणि आठवड्याने कंपनी त्याने सोडले असे धरते. यावर उपाय साधा आहे. रुजू होण्याच्या आधीच पर्यवेक्षकाचा क्रमांक फोनमध्ये घालून द्यावा आणि मराठी-कोंकणीत, हिंदीत, जमेल तसा आवाजी मेसेज पाठवायचा सराव करून घ्यावा. पर्यवेक्षकालाही सांगून ठेवावे की मेसेज आला तर दुसऱ्या दिवशी चारचौघांत बोलू नका. चतुर्थीचे मात्र आधी ठरवावे लागते. गावी गणपतीला गेलेला मुलगा पाच दिवसांच्या आत परतत नाही, मग ती रजा महिनाभर आधी लिहून द्यावी. सत्तरीत मार्च ते मे काजूचा हंगाम असतो आणि बोंडे गोळा करायला घरात हात कमी पडतात. आईशी बोलून सुट्टीचे दिवस तिकडे लावता येतात, पण हे बोलणे फेब्रुवारीतच व्हायला हवे.

शेवटी परीक्षा. नियुक्त, म्हणजे सरकारने ठरवलेल्या ट्रेडला अखिल भारतीय परीक्षा असते आणि उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. ऐच्छिक, म्हणजे कंपनीने स्वतः ठरवलेल्या ट्रेडला संबंधित क्षेत्रातील कौशल्य परिषदेकडून मूल्यमापन होते. कंपनीने पोर्टलवर प्रशिक्षण पूर्ण झाल्याची नोंद केल्याशिवाय यातले काही पुढे जात नाही, आणि वर्ष संपल्यावर कंपनीचे लक्ष नव्या तुकडीकडे गेलेले असते. म्हणून अकराव्या महिन्यात नोंद आणि परीक्षेचा अर्ज यांचा पाठपुरावा सुरू करावा. परीक्षा न देता निघालेल्या मुलाकडे अनुभवाचे पत्र तेवढे राहते, आणि कित्येक ठिकाणी त्याला प्रमाणपत्राचा मान मिळत नाही. उमेदवाराला कायम नोकरी देण्याचे बंधन कंपनीवर नसते, तेव्हा दहाव्या महिन्यापासूनच दुसरीकडे अर्ज करायला लावावे.

सरकारी वाट्याचे शेवटचे एक-दोन हप्ते करार संपल्यानंतरही खात्यात येतात. तोपर्यंत ते खाते बंद करू नये, आधार दुसऱ्या खात्याला मॅप करू नये आणि मोबाइल क्रमांकही तोच ठेवावा.